काझी सरांचा कच्चा स्लॅब

पंधरा वर्षांची मुलगी एकटी असताना शहाण्यासारखी बोलते आणि तीच चारचौघांत अविचाराने का वागते, हा प्रश्न मी एकदा शिक्षककक्षात विचारला. उत्तरादाखल विज्ञानाचे काझी सर मला हाताला धरून शाळेसमोरच्या अर्धवट इमारतीत घेऊन गेले.

नुकत्याच टाकलेल्या स्लॅबखाली मला उभे करून त्यांनी विचारले, "टेकू काढायला सांगू?"

काझी सर गवंड्याचे चिरंजीव. स्लॅबला एकवीस दिवस पाणी मारायला माणसाला धीर असतो, पोरांच्या डोक्याला मात्र एक दिवसही मिळत नाही, हा त्यांचा कायमचा संताप. आमच्या मुकुंदवाडीतले कितीतरी पालक त्यांनी अशाच कच्च्या स्लॅबांखाली उभे केले होते. एका गृहस्थांच्या पांढऱ्या शर्टावर सिमेंटचे पाणी ठिबकत राहिले, तरी व्याख्यान थांबले नाही. मेंदूचा उसळणारा भाग लवकर जागा होतो. 'थांब, विचार कर' असे बजावणारा कपाळामागचा भाग विशी उलटेपर्यंत घडत राहतो. आणि बरोबरीची मुले पाहत असली की उसळी दुप्पट वाटते. एवढे घोडे झाले तरी कळत नाही, असे कोणी म्हणाले की सर तडकत, "अहो, उंची का ठेका अलग, अक्कल का ठेका अलग."

मी गणित शिकवतो. मला हे सारे लाड वाटत. सारिकाच्या प्रकरणात तर माझा संयमच सुटला.

सारिका माझ्या दहावीच्या वर्गातली. करमाडकडून यायची, वडील मेंढरे राखतात. सलग तीन दिवस उशिरा आली म्हणून हजेरी घेताना मी तिला चार शब्द सुनावले. ती उठली, टेबलापाशी आली आणि साऱ्या वर्गासमोर तिने हजेरीपटाचे पान टरकावले. पान का फाडलेस, असे मी ओरडून विचारले, तर "माझी मर्जी," म्हणाली. आमच्या शाळेच्या रिवाजाप्रमाणे लेखी माफीनामा वर्गासमोर वाचायला मी फर्मावले. तिने नकार दिला. मग मी मुख्याध्यापिकांकडे एकच मागणी केली: हिचा दाखला हिच्या हातात द्या.

बैठकीला तिचे वडील आले. ते कोणावर रागावले नाहीत. "देऊन टाका," म्हणाले. "सोयरीक आलीच हाये. लई शिकून तरी काय करायचं?"

दाखल्याचा अर्थ काय होणार, हे आम्हा सर्वांना त्या क्षणी कळले. तरीही मी नियमावर अडून बसलो. काझी सर उभे राहिले.

"तापलेल्या तव्यावर पाणी तुम्ही टाकलं," ते मला म्हणाले, "आणि चर्रर्र का केलं म्हणून तव्याला हाकलताय?"

तुमचे विज्ञान म्हणजे उद्धटपणाला माफी आहे काय, असे मी संतापून विचारले. माफी कोण मागतंय, असे ते उलट म्हणाले. साऱ्या महिन्याची हजेरी तिच्याकडून नव्याने लिहून घ्या, पण दार लावून घेऊ नका. मुख्याध्यापिकांनी निर्णयाला दोन दिवसांची मुदत दिली.

बैठक संपल्यावर मी तावातावाने काझी सरांच्या टेबलाकडे गेलो. ते कप विसळत होते. मी तोंड उघडण्याआधीच ते बोलू लागले.

"माझी शबाना सोळाची होती. पाहुण्यांसमोर उलटून बोलली. मी म्हटलं, माफी मागेपर्यंत चितेगावला खालाकडं, मावशीकडं, राहा. वाटलं, दोन दिवसांत येईल. पण जिद्दी, बापावर गेलेली."

"मग?"

"लग्न तिथूनच झालं. ईदला येते. मात्र घरात स्वतःच्या हातानं पाणी घेत नाही, सर. पाहुण्यासारखी मागते." त्यांनी कप पालथा ठेवला. "मेंदूची पुस्तकं मी त्यानंतर आणली."

माझा युक्तिवाद तयार होता. तो मी केला नाही.

दुसऱ्या दिवशी सारिकाला मी व्हरांड्यात एकटीला बोलावले आणि तोच प्रश्न, तेच शब्द वापरून विचारला: पान का फाडलेस?

 ती म्हणाली, "पान फाडलं ही चूक झाली, सर. पण तुम्ही माझ्या बापाच्या मेंढरांवर सगळ्या वर्गाला हसवलं."

हसवले होते. मुख्याध्यापिकांना दिलेल्या माझ्या दीड पानी तक्रारीत तेवढेच एक वाक्य नव्हते. ते मी त्याच दिवशी वर्गासमोर उभे राहून सांगितले. तिने महिन्याची हजेरी नव्याने लिहिली, सुवाच्य अक्षरात. दाखल्यावर सही झाली नाही. मार्चमध्ये ती परीक्षेला बसली.

एका उदाहरणाने नियम सिद्ध होत नाही, हे गणिताच्या शिक्षकाने तरी विसरू नये. म्हणून वाचकांना विनंती आहे: आपल्या घरातल्या पंधरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला चारचौघांत जे रागावून विचारले असेल, तेच एकदा शेजारी बसून, एकट्यात विचारा. दोन्ही उत्तरे स्वतः ताडून पाहा.