परक्याचं लेकरू

आमच्या शेजारचे पगारे सर पिण्याचं पाणी तीनदा उकळायचे. पहिल्यांदा जंतू मरावेत म्हणून, दुसऱ्यांदा त्यातून एखादा वाचला असेल तर तोही मरावा म्हणून, आणि तिसऱ्यांदा, "मनाला बरं वाटतं वैनी," म्हणून. एवढं करून स्वतः प्यायचे माठातलं साधंच. उकळलेलं सगळं केन्जीसाठी.

केन्जी हा जपानी पोरगा, वीस-बावीस वर्षांचा. पुण्याला शिकायला आलेला, आणि पांडवलेण्यांचा अभ्यास करायचा म्हणून सहा महिने नाशकात सरांकडे राहिलेला. ऐंशी साल उजाडायचं होतं अजून. गंगापूर रोडला घरं कमी आणि द्राक्षांचे मळे जास्त होते. सर शाळेत भूगोल शिकवायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दोघांचा डबा माझ्याकडून जायचा, कारण सरांचा स्वतःच्या हातच्या फोडणीवरही भरवसा नव्हता.

पोरगा आला त्याच आठवड्यात त्याच्या आईचं पत्र आलं. एकुलता एक आहे, सांभाळा. सरांनी उलट टपाली लिहून टाकलं, 'आपला मुलगा जसा आला तसाच परत पाठवीन.' पत्र पेटीत टाकून आले आणि घाम पुसत माझ्या ओट्यावर बसले. "वैनी, हे मी काय लिहून बसलो?"

झालं! त्या दिवसापासून सरांची झोप उडाली. भटकी कुत्री, उघड्यावरचे पेरू, गच्चीचा कठडा, नदीचं पाणी, एसटीचे ब्रेक. भूगोलाचा माणूस, पण नाशिकच्या नकाशात त्यांना फक्त अपघाताच्या जागा दिसायच्या. केन्जी रामकुंडावर निघाला की सर मागे. मिसळ खायला बसला की सर समोर, ताटलीत डोकावून बघत. खांद्याला पिशवी, तिच्यात आयोडीन, कापूस, चुना आणि ऊन लागू नये म्हणून कांदा. "परक्याचं लेकरू आहे वैनी. आपलं असतं तर सोडलं असतं मोकळं."

आणि पोरगा कसा? भीती म्हणून ठाऊक नाही मेल्याला! अनोळखी कुत्र्याच्या तोंडात हाताने बिस्कीट घालायचा. एकदा एसटीच्या टपावर बसून सटाण्याला कांद्याचा लिलाव बघून आला. सर रागावले की हसून म्हणायचा, "सर, मी मरत नाही." सर दोन्ही कानांवर हात ठेवायचे.

मी आधी खूप हसले, खोटं कशाला सांगू? पण शेजारचा माणूस रोज सकाळ-संध्याकाळ भीतीचा रतीब घालायला लागला की ती आपल्याही घरात येते. दोन महिन्यांत केन्जीला यायला जरा उशीर झाला की मीही फाटकापर्यंत खेपा घालायला लागले. आमचे हे म्हणायचे, "दोघांनाही वेड लागलंय तुम्हाला."

मग तो रविवार आला. केन्जी, सर आणि मी पांडवलेण्यांवर गेलो. वर पोचताच सरांनी नुसतं बोट दाखवलं. लेण्याच्या वरच्या कपारीला सुपाएवढं आग्या मोहोळ लोंबत होतं. सर कुजबुजले, "बोलू नका. शिंकू नका. वैनी, बांगड्या वाजवू नका." आम्ही चवड्यांवर आत शिरलो.

आत बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती आणि अगरबत्ती लावून वंदना करायची, ही सरांच्या घरची रीत. एरवी दोन काड्या लावायचे. त्या दिवशी दोन काड्यांवर त्यांच्या जिवाचं समाधान होईना. "पोराच्या सुखरूपतेसाठी," म्हणाले, आणि अख्खा पुडा पेटवला. धूर दारातून बाहेर पडला आणि सरळ कपारीकडे निघाला. आमच्या कुणाच्याही लक्षात आलं नाही.

आधी नुसती घरघर ऐकू आली. केन्जी बघायला म्हणून बाहेरच्या व्हरांड्यात गेला. सर किंचाळले, "माश्या उठल्या! लय वाईट झालं! खाली पड!" शाळेतली भाषा कुठच्या कुठे गेली आणि त्यांच्या गावाकडची, दिंडोरीची बाहेर आली.

मी तोंडावरून पदर घेतला आणि कोपऱ्यात भिंतीला चिकटून बसले. आवाज इतका वाढला की स्वतःचं रडणंही मला ऐकू येईना. पदराच्या फटीतून पाहिलं तर सरांनी केन्जीला पालथं पाडलं होतं, आपला कोट त्याच्या डोक्यावर टाकला होता आणि वर स्वतः पसरले होते. सदऱ्याची पाठ माश्यांनी काळी झालेली. केन्जी खालून ओरडत होता, "सर, उठा! सर, पळा!" सर म्हणत होते, "हलू नको बाळा. हलू नको." मग तेही म्हणेनासे झाले. मला वाटलं, संपलं. आज सर जातात.

सर गेले नाहीत. दवाखान्यात डॉक्टरांनी पाठीतले काटे काढता काढता मोजणं सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, सुजलेला एक डोळा जेमतेम उघडला, आणि पहिला प्रश्न आला, "पोराला कुठं चावली?" केन्जीच्या कानाला एकच डंख होता. तेवढं ऐकून सर ढसाढसा रडले. मग त्याच्या आईला लिहिलं, 'कानास एक डंख, माझ्या चुकीने. क्षमा असावी.' स्वतःच्या पाठीबद्दल एक अक्षर नाही.

पुढे केन्जी जपानला परत गेला, सुखरूप. सर शाळेतून आले की माझ्या ओट्यावर येऊन नुसते बसायला लागले. मी म्हटलं, "निवांत झालात की हो सर!"

"हो. आता कुणाची काळजी नाही वैनी," ते म्हणाले. मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "कुणाचीच नाही."

मला ते ऐकवेना. तोंडातून निघून गेलं, "सर, मी उद्यापासून सायकल शिकणार आहे."

पस्तिशी उलटलेली बाई मी, पाचवारी नेसणारी! सर ताडकन उठले. "सायकल? ह्या रस्त्यावर? वैनी, ट्रक बघितलेत का द्राक्षांचे? लय धोक्याचं आहे!" कित्येक दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर रक्त आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दारात हजर. मी पुढे डुगडुगत, आणि सर मागचं कॅरिअर दोन्ही हातांनी धरून पळत. "सोडा हो सर, येतंय मला!" मी ओरडायचे.

"नाही सोडत," ते धापा टाकत म्हणायचे.

दोन वर्षं सोडलं नाही. मला सायकल अजून येत नाही.