नीळकंठरावांचा नाजूक विषय

"सेक्सचं सगळं कळलं बघ, भालचंद्र!" नीळकंठराव फोनवर ओरडले. "आमच्या कॉलनीत सगळे अंधारातच आहेत रे. आता एकेकाला मीच समजावून सांगतो!"

नीळकंठराव भोपाळच्या एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. क्वार्टरच्या मागची त्यांची पपई भरभरून फुलायची, पण फळ धरत नव्हती. सुट्टीच्या दुपारी उन्हात खुर्ची टाकून ते तिच्याकडे बघत बसायचे आणि बघता बघता त्यांचे डोळे मिटायचे. शेवटी त्यांनी शेतकी खात्यातल्या मित्राला, भालचंद्रला, फोन लावला. फोन होता शेजारच्या प्रमिलाबाईंकडे. तेवढा 'पपई' हा शब्द नेमका त्यांच्या कुकरच्या शिट्टीत बुडाला.

प्रमिलाबाईंचे यजमान प्रकाशराव मराठी मंडळाचे चिटणीस. मंडळाच्या व्याख्यानाला वक्ता आणि सतरंजी एवढेच हजर असत. ते तडक आले.

"विषय नाजूक आहे, पण काळाची गरज आहे. रविवारी बोलाल?"

"आनंदानं! नमुनेही आणतो."

"नमुने नकोत!" प्रकाशराव घाईघाईनं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर झळकलं, 'सेक्स कसा ओळखावा? वक्ते : नीळकंठराव.' ते वाचून नीळकंठरावांच्या पत्नी मनोरमाबाई भाजी न घेताच घरी परतल्या. "अहो, दोन जावई आहेत आपल्याला!"

"मग त्यांनाही बोलव. त्यांच्या घरामागे जागा आहेच."

रविवारी हॉल खचाखच भरला. मनोरमाबाई मागच्या रांगेत तोंडावर पदर घेऊन बसल्या. नीळकंठराव उठले आणि म्हणाले, "पपईचं झाड नर असतं किंवा मादी."

"पपीता?" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

नीळकंठरावांच्या ते गावीही नव्हतं. डोळे अर्धवट मिटून ते सांगत राहिले. नर फुलं लांब देठांवर झुलतात, मादी फूल खोडाला बिलगून वाट बघतं. दिवेलागणीला वास दरवळतो, मग कुठूनसा पतंग येतो आणि एकाचं गुपित दुसऱ्याच्या कानात सांगून जातो. हशा कधी विरला, कुणाला कळलं नाही.

"आणि झाड म्हातारं झालं की?" एका आजोबांनी हळूच विचारलं.

"वास येतोच की," नीळकंठराव म्हणाले.

व्याख्यान संपलं तरी लोक थोडा वेळ बसूनच राहिले. मग जोडीजोडीनं निघाले. मनोरमाबाईंचा पदर केव्हाच खांद्यावर आला होता. फाटकाशी त्या थांबल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "आज जरा लांबच्या रस्त्यानं जाऊ या का?"