बिनसुरकुतीची चादर

"अगं, त्या चादरीला हात लावू नकोस!" मास्तर ओरडले, पण तोवर चादर ताणून बसवून झाली होती.

"साफसफाईची माणसं येतील आता. पसारा बघून काय म्हणतील?" असं म्हणत मास्तरीणबाई कप विसळायला गेल्या.

निवृत्त स्टेशनमास्तरांना लेकीनं समुद्रकाठच्या या आलिशान व्हिलात हवापालटाला पाठवलं होतं. चहूकडे माड, दारात खासगी तरणतलाव, शेजार औषधालाही नाही. "बाबा, आईला तिथं काडीसुद्धा उचलू द्यायची नाही," असं लेकीनं बजावलं होतं आणि मास्तरांनी मोठ्या तोऱ्यात शब्द दिला होता. पण आल्याआल्याच मास्तरीणबाईंनी बॅगा कपाटात लावल्या, बाथरूम पुसून कोरडं ठणठणीत केलं. शेवटी मास्तरांनी त्यांना दंडाला धरून समुद्रावर नेलं.

मागाहून कळलं ते असं. सफाईवाला आला, खोली चकाचक बघून त्यानं ऑफिसात कळवलं, "इथले पाहुणे आलेलेच नाहीत." मास्तरांना किल्ली देणारी सकाळच्या पाळीची मुलगी घरी गेली होती. मॅनेजरपुढे मात्र आरक्षणाच्या घोळात अडकलेलं एक नवं जोडपं ताटकळत होतं. त्यानं व्हिला त्यांना देऊन टाकला.

मास्तर वाळूनं माखून परतले, तर दारात नवी नवरी. पदर खोचलेल्या मास्तरीणबाईंना बघून तिचा चेहरा खुलला.

"बरं झालं आलात, मावशी! जादा टॉवेल कुठं असतात हो?"

"डावीकडच्या कपाटात. थांब, मीच देते." मास्तरीणबाई आत शिरल्यासुद्धा.

मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. "अहो, आम्ही इथं राहतो!"

"हो का?" नवरदेव कौतुकानं म्हणाला. "स्टाफलाही इथंच ठेवतात? छान! काका, पाय तेवढे बाहेर झटका हं, वाळू येतेय."

"आमच्या बॅगा आहेत त्या कपाटात!"

"अय्या, त्या तुमच्या?" नवरी म्हणाली. "मला वाटलं, आधीचं कुणी विसरून गेलं."

मास्तरांच्या फोनवर मॅनेजर धावत येईपर्यंत मास्तरीणबाईंनी नवरीची सुटकेससुद्धा लावून दिली होती. मॅनेजरनं दहादा माफी मागितली आणि दोघांना अगदी पाण्यालगतचा, याहून मोठा व्हिला दिला. जाताना हात जोडून म्हणाला, "ताई, एकच विनंती. थोडा तरी पसारा करा!"

नव्या व्हिलात शिरताच मास्तर उसळले. "अगं, ती तुला कामवाली समजली! आणि तू खुशाल राबलीस!"

"कळलं मला." मास्तरीणबाई व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत टेकल्या. "पण पोरगी दर वेळी थँक्यू म्हणत होती. घरी एवढं करते, तिथं कोण म्हणतं?"

मास्तरांना मनापासून लाज वाटली. बाह्या सरसावून ते चहा करायला आत गेले. काहीतरी आपटलं, काहीतरी सांडलं.

"अगं, साखर कुठंय?"

उत्तर नाही.

"अगं, ऐकतेस ना?"

मास्तरांनी दारातून डोकावून पाहिलं. मास्तरीणबाई पाय पसरून, डोळे घट्ट मिटून पडल्या होत्या आणि गालातल्या गालात हसत होत्या.