खेमराज भाऊजींचा दोर

लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात मी डोंग्यात उभी राहिले. डोंगा म्हणजे आमच्याकडचे ढिवर ज्यात बसून मासे धरतात तो, एकाच खोडातून कोरलेला. त्यात बसलेला माणूससुद्धा श्वास जपून घेतो. आणि मी उभी राहिले. कारण कोणीतरी कॅमेरा आणला होता आणि मला सिनेमातल्या नटीसारखा पदर वाऱ्यावर सोडून फोटो काढायचा होता. वारा नव्हता. म्हणून मी स्वतःच पदर हलवला. डोंगा उलटला.

फोटो मात्र आला. अजून आल्बममध्ये आहे. त्यात डोंग्याचं बूड आणि माझी एक चप्पल दिसते.

डोंगावाल्याने माझी वेणी धरून मला वर ओढलं. तेव्हा वेणी होती. नाकातोंडात पाणी गेलेलं असतानाही मला काठावरचं एक चित्र स्पष्ट दिसलं होतं. सगळे ओरडत, धावत होते आणि माझे धाकटे दीर खेमराज भाऊजी दोन्ही हात पसरून, तोंड उघडं टाकून जागच्या जागी उभे होते. पुढे कित्येक वर्षं मी हे सगळ्यांना हसत हसत सांगत आले, "मी बुडून राहिली होती आणि भाऊजी वावरातल्या बुजगावण्यासारखे उभे." लोक खूप हसायचे. भाऊजी हसायचे नाहीत. ते खाली मान घालून आपला दोर नीट करत बसायचे.

तर हा दोर.

माणूस फिरायला जाताना पाण्याची बाटली घेतो, छत्री घेतो. भाऊजी दोर घेतात. अंबाडीच्या वाखाचा, स्वतः वळलेला, अंगठ्याएवढा जाड. पूर्वी असा दोर धानाचे भारे बैलबंडीवर बांधायला लागायचा. आता धान मशीन कापते, बंडी कोणाकडे राहिली नाही, बैल तर पोरांना पुस्तकात दाखवावे लागतात. पण भाऊजी दरवर्षी नवा दोर वळतात. जुना कुजला नसला तरी. आणि रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आटोपल्यावर आमचं सगळं घर पार्टीला निघालं, की गाडीत खिडकीजवळची जागा त्या दोराची. आमच्या घरातल्या किती बायांनी त्या दोरापायी मांडीवर पोर घेऊन प्रवास केला, ते विचारू नका.

ही पार्टी आमच्या मुर्री गावातली जुनी रीत. धानाचं रोप चिखलात लावून कंबर मोडली, की एक दिवस जंगलातल्या तलावावर जायचं, पळसाच्या पानात कणकेचे पानगे भाजायचे, वांग्याची भाजी करायची आणि खाऊन झाडाखाली लोळायचं. आमचा तलाव चिचगडच्या बाजूला आहे. नाव सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही जाल आणि बाटल्या टाकून याल.

रागावू नका. मी रागावलेलीच आहे, दोघांनी रागावून कसं चालेल? त्या तलावावर आता काय काय चालतं, ते एकदा बघा म्हणजे तुम्हालाही समजेल. लोक शहरातून येतात ते शांततेसाठी, असं म्हणतात. आणि येताना आलमारीएवढा स्पीकर आणतात. माकडांना चिप्स चारतात आणि मग माकडाने पर्स ओढली, की माकडाला शिव्या देतात. दारूच्या बाटल्या फोडतात त्याच जागी, जिथे गावातल्या बाया अनवाणी पायांनी पाणी भरतात. आणि सांडवा. तलाव भरला की जादा पाणी ज्यावरून वाहून जातं, तो दगडी सांडवा, शेवाळाने साबणासारखा गुळगुळीत झालेला. त्याच्यावर उभं राहून मोबाइल पुढे धरायचा आणि पाठ पाण्याकडे करायची. मी तरी लाकडावर उभी राहिले होते, हे तर शेवाळावर उभे राहतात. म्हणजे माझ्यानंतर जगाने प्रगती केली.

भाऊजींचं या सगळ्यांसाठी एकच वाक्य. लांबूनच ओरडतात, "काऊन गा, पाणी तुह्या घरचा सालदार होय का? थांब म्हटलं का थांबन?"

सालदार म्हणजे सालाने ठेवलेला गडी. ओळख असो नसो. कलेक्टर असो की कोणी असो. एकदा स्पीकरवाल्या पोरांच्या घोळक्यात शिरून त्यांनी मोठ्या मायेने विचारलं, "वरात कोनाची होय? नवरदेव कुठी आहे?" पोरं शहरातली, त्यांना गंमत वाटली. एकाला पुढे ढकलून म्हणाली, "ये रहा दूल्हा, दादाजी." भाऊजींनी आमच्या भाजीच्या सामानातली हळद बोटावर घेतली, त्याच्या कपाळाला लावली, डोक्यावर चार तांदूळ टाकले आणि म्हणाले, "झालं लगन. आता बाजा बंद करा." बाजा बंद झाला.

पण घरच्यांनाही सुटका नाही. पानगे भाजायला विस्तव पेटवायचा, तर आधी भोवतालचा पाला झाडून काळी माती उघडी करायची. निघताना राखेवर पाणी ओतायचं. त्यावर कोणाला तरी बोलवायचं, "ठेव हात राखेवर. भाजला? नाई ना? चल आता." गाडीत बसायच्या आधी चुंगडी फिरवायची, म्हणजे गोणपाटाचं पोतं, आणि त्यात आपला कचरा तर भरायचाच, शिवाय शेजारच्या पार्टीचाही. मी म्हणायची, "भाऊजी, लोकांचं उष्टं कायले उचलता?" तर म्हणायचे, "लोकांचं कोनतं नि आपलं कोनतं, हे तलावाले कोन सांगन?"

जेवायचे तर सगळ्यात शेवटी. शेवटचा माणूस पाण्याबाहेर येऊन अंग पुसेपर्यंत यांच्या तोंडात घास जायचा नाही. आणि मुंडकी मोजायची सवय तर विचारूच नका. सडक अर्जुनीला ढाब्यावर चहा घ्यायला थांबलो की परत निघताना मोजणी. एकदा एक मुंडकं जास्त भरलं. पुन्हा मोजलं, पुन्हा जास्त. शेवटी मागच्या सीटवर बसलेल्या एका बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "साकोलीला जाते ना ही गाडी?" त्यांना आमची गाडी सवारीची वाटली होती. आमच्या सुनेने त्यांना अर्धं केळंही खायला दिलं होतं. भाऊजींनी आधी त्या बाईंना योग्य गाडीत बसवून दिलं. मग रस्ताभर आमच्यावर ओरडले, कारण जास्तीचा माणूस ज्यांना दिसत नाही, त्यांना कमीचा काय दिसणार?

हे सगळं आम्ही सहन केलं. पण मागच्या वर्षी आमच्या नातीच्या, पिंकीच्या, सासरचे लोक नागपूरहून पार्टीला आले. नवीन सोयरीक. पिंकीचे सासरे म्हणजे आमचे व्याही, पांढरी पॅन्ट, काळा चष्मा, बोलणं गोड. ते फोटोसाठी सांडव्यावर चढले. एकच पाय टाकला होता. मागून दोराचा फास आला आणि थेट त्यांच्या पोटाभोवती बसला. दुसरं टोक भाऊजींनी अर्जुनाच्या झाडाला बांधून ठेवलेलं. आणि मोठ्याने, "काऊन जी व्याहीबुवा, पाणी तुमच्या घरचा सालदार होय का?"

त्या फोटोत व्याही पोळ्यात दोर लावून उभ्या केलेल्या बैलासारखे दिसतात. त्यांनी खाली उतरून जे काही म्हटलं, ते मी इथे लिहीत नाही. पिंकी रडली.

म्हणून यंदा माझा मुलगा मनोज म्हणाला, "आई, काकांना सांगायचं नाही. गुपचूप जाऊन गुपचूप येऊ."

मी नको म्हणायला हवं होतं. पण मलाही त्या दोराचा राग होताच. मला वाटायचं, दरवर्षी हा माणूस सगळ्यांसमोर दोर मिरवतो तो मलाच दाखवायला, की बघा, या बाईमुळे मला हे ओझं वाहावं लागतं. मी स्वतःच भाऊजींच्या छपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, गेले. ते एकटेच राहतात, बायको गेल्यापासून. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "भाऊजी, यंदा रोवणा लांबला. जाणं होत नाही म्हणतो मनोज."

आता मला सांगा, माझ्यासारखी शहाणी बाई कुठे सापडेल? भाऊजींची बांधी, म्हणजे धानाचं शेत, आमच्या बांधीला लागून. मधे मातीची एक पाळ. रोज सकाळी ते त्या पाळीवर उभे राहून आमचं लावून हिरवं झालेलं रोप बघतात. त्या माणसाला मी रोवणा लांबला म्हणून सांगितलं.

भाऊजी म्हणाले, "बरं वयनी."

आम्ही पहाटेच निघालो, गाडीचा आवाज होऊ नये म्हणून फाटकापासून ढकलत नेली. खिडकीजवळची जागा मोकळी होती. तिथे बसायला कोणी गेलं नाही. शेवटी डबे ठेवले.

सडक अर्जुनीला चहा झाला, सगळे गाडीत चढले आणि माझ्या तोंडून निघालं, "थांब रे, मोजू दे."

मनोज आरशात बघून म्हणाला, "आई, तूपण?"

"गप बैस."

तलावावर तेच सगळं होतं. स्पीकर, बाटल्या, माकडं, सांडव्यावर ओळीने उभे असलेले वेडे. मी तिथे पोचल्यापासून कोणावर ओरडले नाही, ते सांगणं सोपं. एका मुलीला हाताला धरून सांडव्यावरून खाली आणलं. तिने म्हटलं, "आंटी, आपको क्या प्रॉब्लम है?" मी म्हटलं, "मुझे कुछ नहीं, तेरे बाल छोटे हैं, पकड़ने को चोटी भी नहीं." तिला ते समजलं नाही. समजणारही कसं.

सगळ्यात जास्त राग यंदाही आलेल्या व्याह्यांचा येणार होता, पण त्यांनी माझा रागही धड राहू दिला नाही. ते सांडव्याजवळ गेले, एक पाय उचलला, मग मागे वळून अर्जुनाच्या झाडाकडे बघितलं. पाय खाली ठेवला. माझ्याजवळ येऊन बसले आणि हळूच विचारलं, "तुमचे ते भाऊजी नाही आले का?"

"नाही. तुमचा अपमान होतो ना."

"अपमान तर झालाच होता," ते चष्मा पुसत म्हणाले. "पण आज सांडव्याकडे गेलो, तर पोट मोकळं मोकळं वाटायला लागलं."

त्यांनी दिवसभर पाण्यात पाय घातला नाही.

आणि काही झालं नाही. ही बनवलेली गोष्ट असती तर कोणीतरी घसरलं असतं, दोर नाही म्हणून सगळे रडले असते. कोणी घसरलं नाही. पानगे छान झाले. पण मला घास उतरला नाही. पोरं पाण्यात होती आणि मी काठावर उभी होते, हात रिकामे, एकदा याच्याकडे बघ, एकदा त्याच्याकडे बघ. शेवटचं पोरगं बाहेर आलं, तेव्हा मी पहिला तुकडा तोडला. निघताना राखेवर हात ठेवला. मग चुंगडी काढली. मनोजने दुसरं टोक धरलं.

मुर्रीला पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. पळसाच्या पानात बांधलेले दोन पानगे घेऊन मी तशीच भाऊजींच्या छपरीत गेले. ते खाटेवर बसले होते. पायाच्या अंगठ्यात वाख अडकवून दोर वळत होते.

मी काही बोलायच्या आधीच त्यांनी विचारलं, "सगळे आले?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. गाडी ढकलतानाच आम्ही त्यांना दिसलो असणार.

"आले."

"मोजले?"

"मोजले."

त्यांनी मान हलवली, पुडी सोडली आणि पानगा खायला सुरुवात केली. भूक लागलेल्या माणसासारखा. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हा माणूस आजही सगळे पाण्याबाहेर येईपर्यंत जेवला नव्हता. इथे, मुर्रीत बसून.

आणि मला इतका राग आला, की माझंच मला सुधरेना. मी खोटं बोलले त्याचा, ते बरं म्हणाले त्याचा, सगळाच. मी म्हटलं, "भांडा ना माझ्याशी. बरं काऊन म्हटलं? आणि इतकी वर्षं झाली, हा दोर कायले घेऊन फिरता? मी एकदा डोंग्यात उभी राहिली, येडी होती, कबूल आहे. ते जन्मभर मला दाखवत राहायचं काय?"

भाऊजींनी खाणं थांबवलं. अर्धवट वळलेला दोर बाजूला ठेवला. त्यांना पोहता येत नाही, तेव्हाही येत नव्हतं, हे मला माहीत होतं. तरी बुजगावण्याची ती गोष्ट मी दरवर्षी सांगत आले होते, त्यांच्यासमोर, पानगे वाढता वाढता.

मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले, तसेच पसरलेले, काठावर होते तसे. म्हणाले, "वयनी, तुमाले नाई दाखवत जी. त्या दिवशी माह्या हातात काहीच नव्हतं."