देवकीबाई परत येतील याचं प्रतिज्ञापत्र

परदेशी जाणाऱ्या माणसाकडे जाण्याचं कारण असो वा नसो, परत येण्याचं कारण असलंच पाहिजे. हे तत्त्व ज्या देशांना समजलं ते पुढारले. ज्यांना समजलं नाही त्यांचे नागरिक त्या देशांच्या दारात फाईल घेऊन उभे आहेत. यात अपमानाचं काही नाही. पाहुण्याला उंबऱ्यावरच 'जाणार कधी?' असं विचारण्याचा मोकळेपणा आपल्यात नाही, एवढंच.

नागपूरच्या बेसा भागातल्या आमच्या स्कीममध्ये, म्हणजे सोसायटीत, चोवीस फ्लॅट आहेत. त्यापैकी एकोणीस घरांतलं कोणी ना कोणी परदेशात आहे. उरलेल्या पाच घरांत प्रयत्न सुरू आहेत. मी या स्कीमचा सेक्रेटरी. माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये रुपरावजी आणि त्यांच्या पत्नी देवकीबाई राहतात. रुपरावजींनी तेहतीस वर्षं एका सरकारी कार्यालयात लोकांचे अर्ज तपासले आणि त्यातले बहुतेक त्रुटी काढून परत केले. अशा माणसाला निवृत्तीनंतर स्वतःच अर्जदार होण्याचा योग आला. त्यांची मुलगी रितिका परदेशात असते (देशाचं नाव लिहीत नाही, आम्हालाही पुढेमागे अर्ज करायचा आहे) आणि तिला जानेवारीत बाळ होणार होतं. तिच्या सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे पलंगावर होत्या. तेव्हा आईबाबांनीच जायचं ठरलं.

व्हिसाचं काम भैय्याजी एजंटांकडे दिलं. त्यांचं ऑफिस इतवारीत, भांड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. खाली भांड्यांवर नावं घालण्याचं मशीन चालू असतं, त्यामुळे वरचा सल्ला ओरडून द्यावा लागतो आणि तो गल्लीतल्या सर्वांना मोफत मिळतो. सोबत म्हणून मीही गेलो होतो.

भैय्याजींनी व्हिसाचे प्रकार समजावले. भेटीचा, शिक्षणाचा, नोकरीचा, धंद्याचा. शिवाय नुसतं विमान बदलण्यासाठी वाटेत थांबण्याचा. म्हणजे ज्या देशात जायचं नाही त्याचीही परवानगी काढायची. व्हिसा दहा वर्षांचा मिळाला तर दहा वर्षं राहता येतं असं नाही. दहा वर्षं दार वाजवता येतं. आत किती दिवस ठेवायचं, ते तिथल्या विमानतळावरच्या खिडकीतला माणूस ठरवतो.

"म्हणजे व्हिसा भेटल्यावरही वापस पाठवू शकतात?" रुपरावजींनी विचारलं.

"पाठवू शकतात ना, काकाजी."

रुपरावजींना भरून आलं. मंजूर केलेला अर्ज दारातच नामंजूर करण्याची सोय त्यांच्या कार्यालयात कधीच नव्हती.

"काकू, जायचं कारण काय लिहू?"

"पोरीचं बाळंतपण," देवकीबाई म्हणाल्या.

भैय्याजींनी उठून दार लावून घेतलं. "हे कुठंच बोलू नका. बाळंतपण करणं म्हणजे काम झालं. भेटीच्या व्हिसावर काम करता येत नाही."

"नातवाले आंघोळ घालणं काम होय?"

"तिथं त्याच्यासाठी बाई ठेवतात, काकू. तुम्ही फुकटात केलं तर एका बाईचा रोजगार गेला ना."

"आन् मी इथं छत्तीस वर्षांपासून करून राहिली, ते?"

"ते काम नाही. ते घर आहे."

या खुलाशाने सर्वांचं समाधान झालं. (देवकीबाईंचं झालं की नाही, ते कोणी विचारलं नाही.) कारणाच्या रकान्यात 'पर्यटन' लिहिलं गेलं आणि अकरा दिवसांचा कार्यक्रम तयार झाला. त्यात चार संग्रहालयं, एक धबधबा आणि बर्फावरून घसरण्याचा अर्धा दिवस होता. देवकीबाईंचं वय एकसष्ट.

फोटोत चेहऱ्यावर कोणताही भाव नसावा अशी अट होती. रुपरावजींचा फोटो पहिल्याच खेपेला निघाला. देवकीबाईंना सहादा बसावं लागलं, कारण लेकीकडे जायचं म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी यायचंच. शेवटी फोटोवाल्याने त्यांच्याकडे घरच्या गॅस सिलिंडरची चौकशी केली, तेव्हा काम झालं.

एकशे बेचाळीस पानांची फाईल गेली. अठराव्या दिवशी उत्तर आलं. एकच छापील पान होतं: भेटीचा काळ संपल्यावर आपण आपल्या देशात परत जाल याची आमची खात्री पटलेली नाही.

रुपरावजींनी ते उभ्यानेच तीन वेळा वाचलं. अशी पत्रं त्यांनी तेहतीस वर्षं पाठवली होती. आलेलं मात्र हे पहिलंच.

"भाषा चांगली आहे," ते म्हणाले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

"चूक आपलीच आहे," भैय्याजी म्हणाले. "लेक तिथं, तुम्ही दोघंही तिथं जाऊन राहिले. मग मागं राहिलं कोण?"

"घर आहे ना आमचं!"

"घर कोणाची वाट पाहत नाही, काकाजी. एकानं थांबा. जो थांबते, तो दुसऱ्याचं कारण होते."

कोणी थांबायचं यावर चर्चा झाली नाही. बाळाला आंघोळ घालता येणं ही पात्रता धरली तर रुपरावजी आपोआप कारण ठरत होते. आता देवकीबाईंवाचून त्यांचं चालत नाही, हे कागदोपत्री सिद्ध करायचं होतं. भैय्याजींनी प्रतिज्ञापत्र मागितलं. टायपिंगला मी बसलो. देवकीबाई आत स्वयंपाकघरात होत्या.

रुपरावजी सरकारी आवाजात सांगू लागले. "मी, रुपराव, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, एक. मले चहा करता येत नाही. दोन. माझ्या बीपीच्या दोन गोळ्या आहेत, दोन्ही पांढऱ्या. सकाळची कोणती ते फक्त अर्जदार बाईले माहीत आहे. तीन. लग्नापासून आजपर्यंत मी घरात एकटा चार रात्री झोपलो आहे आणि चारही रात्री लाईट चालू ठेवला आहे. चार. दिवसभरात मी तिच्याशिवाय कोणाशी बोलत नाही." (सकाळी फिरायला जाताना राजकारणावर होतं ते बोलण्यात धरलेलं नाही.)

मग ते थांबले. "पाचवं राहू द्या."

"पाच असले तर वजन पडतं," मी म्हणालो.

"बरं, लिहा. ती बाहेर गेली की मी जिन्याकडे कान लावून बसतो. चप्पल कोणाची ते ऐकतो."

आतला गॅस बंद झाला. देवकीबाई हात पुसत दारात आल्या. "हे मले कधी काहून नाही सांगितलं?"

"कोणी विचारलंच नाही वं," रुपरावजी म्हणाले. "यांच्या फॉर्मात विचारलं."

छत्तीस वर्षांच्या संसारातलं हे पहिलं प्रेमपत्र दोन साक्षीदारांसमक्ष नोटरी झालं.

या दुसऱ्या अर्जाची मुलाखत मुंबईला होती. खिडकीपलीकडच्या गोऱ्या बाईने फाईल उघडलीच नाही. तिने सरळ हिंदीत विचारलं, "वहाँ जाकर क्या करेंगी?"

देवकीबाईंनी चारही संग्रहालयं पाठ केली होती. ऐनवेळी एकही आठवेना. "बेटी का बच्चा होने वाला है," त्या म्हणाल्या. "मालिश करूँगी, लड्डू बनाऊँगी."

"और वापस क्यों आएँगी?"

"घर में आदमी है. उसको चाय नहीं आती."

"सीख गए तो?"

"छत्तीस साल में नहीं सीखे," देवकीबाई म्हणाल्या.

बाईने पासपोर्ट ठेवून घेतला आणि व्हिसा मंजूर झाल्याचं सांगितलं. सगळं मिळून चार मिनिटं लागली. भैय्याजींच्या मते हा चमत्कार फाईलच्या जाडीमुळे घडला, आणि नव्या गिऱ्हाइकांना ते आता दोनशे पानं करायला सांगतात.

डिसेंबरात देवकीबाई गेल्या. तिथल्या खिडकीतल्या माणसाने सहा महिन्यांचा शिक्का मारला. जानेवारीत नातू झाला. इकडे रुपरावजींसमोर कायदेशीर पेच उभा राहिला. 'मले चहा करता येत नाही' हे सत्यप्रतिज्ञेवर लिहून दिलेलं. अशात चहा शिकणं म्हणजे शपथेवर खोटं बोलल्यासारखं. भैय्याजींनाही तेच वाटलं. "काकू वापस येईपर्यंत गॅसजवळ जाऊ नका," त्यांनी बजावलं. मग सेक्रेटरी या नात्याने मी वेळापत्रक लावलं. तेवीस घरं, रोज एका घरी सकाळचा चहा. डबा लावला. गोळ्यांवर देवकीबाईंनी जातानाच नेलपॉलिशचे ठिपके दिले होते. रात्री त्यांच्या खिडकीत लाईट दिसायचा.

एप्रिलात एकदा वेळापत्रकाप्रमाणे त्यांची पाळी आमच्याकडे होती आणि ते आले नाहीत. मी जाऊन पाहिलं तर ते गॅसपाशी उभे. दूध उतू गेलेलं.

"कोणाले सांगू नका," ते म्हणाले. "मार्चपासून जमून राहिलं."

मी चहा प्यायलो. चांगला झाला होता. आलं थोडं जास्त.

मेच्या अखेरीस देवकीबाईंचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी तिथंच बसलो होतो. मांडीवर नातू होता. "रितिकाची सुट्टी संपली," त्या म्हणाल्या. "बाबू आता मले ओळखून राहिला. अर्ज केला तर अजून सहा महिने भेटतात म्हणते. काय करू?"

रुपरावजींनी नातवाकडे निरखून पाहिलं. मग म्हणाले, "राहा ना. इकडं चालू आहे सगळं."

"चहाचं?"

"देतात शेजारी."

"अहो, मग हातात काय आहे?"

रुपरावजींनी कप खाली घ्यायला हवा होता, पण तेहतीस वर्षांच्या सेवेत पुरावा लपवण्याची सवय नव्हती. त्यांनी तो कॅमेऱ्यासमोर धरला. "मीच केला. मार्चपासून करून राहिलो."

पलीकडे नातू कुरकुरला, त्याला देवकीबाईंनी थोपटलं.

"म्हणजे आता कारण नाही राहिलं," देवकीबाई म्हणाल्या.

"एकच गेलं," रुपरावजी म्हणाले. "बाकीची चार आहेत."

मुदत संपायला नऊ दिवस बाकी असताना देवकीबाई नागपूरला उतरल्या. रितिका रडली, आणि मग तिने मुलासाठी बाई ठेवली. म्हणजे तिथल्या एका बाईला रोजगारही मिळाला.

व्हिसा पद्धतीबद्दल माझा आदर यामुळे वाढला आहे. स्कीममधल्या महिलांचाही वाढला. प्रतिज्ञापत्राच्या प्रती चोवीस घरांत फिरल्या आहेत आणि आमच्या सौभाग्यवतींनी रविवारी माझ्यासमोर कोरा कागद ठेवला. त्यांना कुठेही जायचं नाही. नुसतं लिहून द्या म्हणाल्या, गेले तर परत का येऊ? 'मी इथं आहे म्हणून' हे उत्तर त्यांनी खोडलं; पुरावा जोडा म्हणाल्या. आज गुरुवार. मी 'सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की' इथपर्यंत आलो आहे.

वाचकांपैकी कोणाकडे पुढचा मजकूर तयार असेल तर कृपया कळवावं. नसेल, तर रुपरावजींना जे हसून झालं ते परत घ्यावं.