नीळोबाचा पिसारा आणि सेन्सरची चाचणी

एका जंगलात, बाळांनो, झाडांपेक्षा कॅमेरे जास्त झाले होते. कसे झाले ते मला विचारू नका. गोष्टीतले प्राणी बोलतात ते तुम्हाला चालतं ना? मग कॅमेरेही चालवून घ्या.

तर त्या जंगलात नीळोबा नावाचा एक मोर राहत होता. लग्नाचा होता. स्वभावाने इतका गरीब, की कोणी काही मागितलं तर नाही म्हणायला त्याला जमायचंच नाही. पण पिसारा काय होता म्हणून सांगू! तो फुलला की माकडं तोंडातलं जांभूळ चावायची विसरायची.

नदीपलीकडच्या मेखला नावाच्या लांडोरीचं स्थळ त्याला सांगून आलं. नीळोबाने तिला एकदाच पाहिलं होतं, पाणी पिताना. तेव्हापासून त्याला दाणा गोड लागत नव्हता. तिच्या वडिलांनी निरोप धाडला, की आठ दिवसांत मुलाचा एक फोटो पाठवा, पिसाऱ्यासकट. आणखी एक मोर त्यांच्या नजरेत होता. फोटो बघून मुलगी ठरवणार होती.

शेजारच्या फांदीवर उडाबाई माकडीण बसली होती. तिने मोबाइल काढला, नीळोबाला पिसारा फुलवायला लावला आणि बोट टेकवलं. फोटो निघाला. छान निघाला. गोष्ट इथेच संपली असती आणि तुम्ही वेळेवर जेवायला गेला असता.

पण तेवढ्यात भालबा आले. भालबा हे अस्वल, आणि फोटोतलं त्यांना सगळं कळतं असा त्यांचा लौकिक होता. गळ्यात ही एवढी दुधीभोपळ्यासारखी लेन्स. त्यांनी मोबाइल नाकाशी धरला आणि फोटो मोठा केला. मग आणखी मोठा केला. शेवटी मोर पडद्याबाहेर गेला आणि कोपऱ्यातली सावली तेवढी उरली.

"सावलीत दाणे दिसतायत, फोटो खरखरीत आलाय," भालबा म्हणाले, आणि त्यांनी आपल्या जाड बोटाने फोटो पुसून टाकला.

आता सेन्सर म्हणजे काय ते ऐका, म्हणजे पुढे जांभया देणार नाही. कॅमेऱ्याच्या पोटात एक चपटी पाटी असते. तिच्यावर उजेड पडतो आणि त्याचा फोटो होतो. झालं, एवढंच. पण ही पाटी केवढी असावी यावरून त्या जंगलात सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालं होतं.

भालबांचं म्हणणं, सेन्सर मोठाच हवा, फुल फ्रेम. परात मोठी तर पाऊस जास्त साठतो, तसा उजेड. चुणचुणे नावाच्या मुंगसाचं म्हणणं, एवढं धूड गळ्यात घालून पळायचं कसं? मधल्या मापाचा सेन्सर बरा, लांबचा साप जवळ दिसतो. संथाजी कासवआजोबा म्हणाले, की खरे रंग होते ते जुन्या सीसीडी सेन्सरचे, हल्लीच्या पोरांना निळा म्हणजे काय ते ठाऊकच नाही. उडाबाई म्हणाली, की माझा सेन्सर मुगाच्या डाळीएवढा आहे, पण फोटो निघाला होता. तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

चाचणी घ्यायची ठरली. नीळोबाने विचारलं, "भालबाकाका, माझाच फोटो काढून बघा की सगळ्यांनी?"

"तू हलतोस," भालबा म्हणाले. "हलता मोर चाचणीला चालत नाही. एक पीस दे."

त्याने दिलं. ते वारुळावर टाचलं गेलं. चारही कॅमेऱ्यांनी त्याचे फोटो काढले, सकाळच्या उन्हात, दुपारच्या उन्हात, ढगाखाली. मग मुंगूस म्हणालं, की ऊन लागून पिसाचा रंग उतरला असणार, माझ्या वेळी ताजं पीस नव्हतं, ही चाचणी धरू नका. खरंच होतं ते. प्रत्येक फोटोला ताजं पीस द्यायचं ठरलं.

रोज अठरा-वीस पिसं लागत. नीळोबाला दुखायचं. भीतीही वाटायची. पण दर वेळी सगळे म्हणायचे, अरे, तुझ्याच लग्नासाठी चाललंय. मग तो मान खाली घालून पाठ वळवायचा. उडाबाई दोनदा म्हणाली, की बाबांनो, मोराकडे बघा एकदा. बाकीचे पडद्यावर पिसाच्या एका तंतूचं टोक बघत होते.

आठव्या दिवशी निकाल लागला. भालबांचा सेन्सर जिंकला. मुंगसानेसुद्धा मान्य केलं, म्हणजे बघा. टाळ्या झाल्या. भालबांनी कॅमेरा रोखला आणि म्हणाले, "नीळोबा, ये आता."

नीळोबा करवंदीच्या जाळीमागून बाहेर आला. मागून पार बोडका. नुसत्या कोंबड्यासारखा दिसत होता बिचारा.

"अजिबात हलू नकोस," भालबा म्हणाले, आणि त्यांनी फोटो काढला.

काय फोटो होता तो! सावलीत एक दाणा नाही. पाठीवरचा काटान् काटा मोजून घ्यावा. पीस उपटलेलं एकेक भोक वेगळं दिसत होतं. फोटो त्याच दुपारी नदीपलीकडे गेला.

संध्याकाळच्या आत मेखलाच्या वडिलांचं उत्तर आलं. भालबांनी ते मोठ्याने वाचलं. "फोटो अप्रतिम. इतका स्वच्छ की शंकेला जागा उरली नाही. मुलीने नकार दिला आहे. तिचं दुसरीकडे ठरलं. त्या मुलाचा फोटो जरा हललेला होता, पण पिसारा दिसत होता. ताजा कलम : सेन्सर कोणता?"

शेवटची ओळ ऐकून जंगलात एकच जल्लोष झाला. कासवआजोबासुद्धा दोन पावलं नाचले.

नीळोबा उडाबाईजवळ गेला. त्याने हळूच विचारलं, की पहिल्या दिवशीचा तो फोटो कुठे उरला असेल का. तिने मोबाइल वरखाली करून शोधला आणि मान हलवली. मग तो तिथेच बसून रडला, आणि ती त्याच्या बोडक्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

तिकडे मुंगसाने नवीनच शंका काढली, की हा गुण सेन्सरचा की लेन्सचा? भालबा विचारात पडले. मग त्यांनी नीळोबाला हाक मारून प्रेमाने विचारलं, "बाळ, नवी पिसं कधी येतात रे?"

तात्पर्य : मोर आणि सेन्सर यांत आधी सेन्सर बघावा. मोराला दर वर्षी नवी पिसं येतात. चांगला सेन्सर मात्र आयुष्यात एकदाच घ्यायचा असतो, आणि तो पुढचा बाजारात येईपर्यंत, म्हणजे साधारण दिवाळीपर्यंत, सहज पुरतो.