बगळेसरांचा निरोप समारंभ

मुलांनो, एका जंगलात सगळं काही होतं. पाणवठा होता, वाघ होता, वाघाला घाबरण्याची उत्तम सोय होती आणि बास्केटबॉलचा एक संघही होता. जंगलात बास्केटबॉल कशाला, असं विचारू नका. शेजारच्या जंगलात होता, म्हणून याही जंगलात होता. मोठी माणसं बऱ्याच गोष्टी याच कारणासाठी करतात.

संघाचे मालक होते भाऊसाहेब गवा. प्रशिक्षक होते तुळाजी बगळे. त्यांना सगळे सर म्हणत. मैदानाच्या कडेला एका पायावर उभं राहायचं आणि खेळाडूंकडे टक लावून बघायचं, ही त्यांची शिकवण्याची पद्धत. ओरडणं त्यांना जमत नसे.

या संघात शिरपा नावाचा सांबर होता. तो एवढासा होता तेव्हापासून सरांनी त्याला शिकवलं होतं. पोरगा उंच, चपळ, नेम तर असा की झाडाला टांगलेल्या टोपलीत डोळे मिटून चेंडू टाकेल. अडचण एकच होती. त्याला भलीमोठी टोकदार शिंगं फुटली होती. मागच्या पायांवर उभा राहून त्याने चेंडू डोक्यावर नेला, की तो शिंगात घुसायचा. फट्! नवा चेंडू आणायचा, तोही फट्. संघ हरून घरी यायचा.

"सर, याला बसवा की बाहेर," भाऊसाहेब म्हणाले.

"भाऊसाहेब, सांबराची शिंगं कायमची नसतात," सर म्हणाले. "पळसाची फुलं झडली की ती गळतील. तेवढी कळ काढा. शिरपाचा एक चेंडू न फुटता टोपलीत गेलेला मला बघायचाय. मग मला काढलंत तरी माझी तक्रार नाही."

भाऊसाहेबांनी कळ काढलीही असती. पण मैदानाला लागून एक जांभळाचं झाड होतं आणि झाडावर चाहते बसत होते.

चाहते म्हणजे कोण, ठाऊक आहे ना? ज्यांना स्वतःला खेळता येत नाही, पण कसं खेळायला हवं होतं ते सामना संपल्यावर बरोब्बर कळतं, ते चाहते. त्यांच्या पुढारी होत्या गोदाक्का वानरीण. आवाज असा, की पाणवठ्यावरचे मोर दचकायचे.

"नुसता उभा असतो हो तो!" गोदाक्का फांदी हलवत ओरडल्या. "तोही एका पायावर! अहो, जो दोन्ही पायसुद्धा कामाला लावत नाही, तो संघ काय जिंकून देणार? हाकला त्याला!"

"हाकला! हाकला!" सगळं झाड ओरडू लागलं.

चाहते रुसून शेजारच्या जंगलात गेले तर काय घ्या, या धास्तीने भाऊसाहेबांनी सरांना काढलं. त्यांच्या जागी मुरारराव मुंगुसांना नेमलं. मुराररावांनी कधी कोणाला शिकवलं नव्हतं. पण शेजारच्या जंगलातल्या संघाबरोबर त्यांचा फोटो होता.

आता या जंगलात एक रीत होती. ज्याला हाकलायचं, त्याचा जाहीर सत्कार करायचा. आणि सत्कार कोणी करायचा? ज्यांनी 'हाकला' म्हटलं, त्यांनी. त्याप्रमाणे मांडव पडला. शाल आली, नारळ आला, स्मृतिचिन्ह म्हणून नवाकोरा चेंडू आला. गोदाक्का भाषणाला उठल्या.

"सरांबद्दल काय बोलू?" त्यांनी छातीवर हात ठेवला. "आपण सगळे चार-चार पायांवर डगमगतो. सर मात्र एका पायावर उभे राहिले. कोणासाठी? आपल्यासाठी!"

मांडवात हुंदके सुरू झाले. तरसंसुद्धा डोळे पुसू लागली. तेवढ्यात मागून एक रानडुक्कर ओरडलं, "अहो, मग अशा देवमाणसाला काढलं कोणी?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"आम्ही नाही बाई," एक वानरीण म्हणाली.

"आम्ही कशाला म्हणू?" दुसरी म्हणाली.

गोदाक्का गर्रकन वळल्या. "भाऊसाहेब, सरांना काढताना तुम्हाला काहीच कसं वाटलं नाही हो?"

भाऊसाहेबांना घाम फुटला. त्यांनी तिथल्या तिथे मुराररावांना काढलं. मुराररावांचा पेढा अजून तोंडातच होता. सर पुन्हा प्रशिक्षक झाले. शिंगं गळेपर्यंत थांबू, अशी नारळावर हात ठेवून सगळ्यांनी शपथ घेतली. सरांना फार बरं वाटलं. त्यांना ती शपथ खरी वाटली.

पुढचा सामना सुरू झाला. शिरपाने चेंडू उचलला. फट्!

"हाकला!" गोदाक्का ओरडल्या.

मांडव अजून उतरवलेलाच नव्हता, त्यामुळे फार धावपळ झाली नाही. शाल पांघरता पांघरता सरांनी हळूच विचारलं, "अक्का, खरं सांगा. मी तुम्हाला हवा आहे की नको?"

"असं काय विचारता, सर?" गोदाक्का अगदी मनापासून म्हणाल्या. "तुम्ही आम्हाला फार आवडता. पण निघतानाच."

सरांना वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. पण सत्काराच्या खुर्चीत बसून रडणं बरं दिसत नाही, म्हणून ते पळसाकडे बघत राहिले. पळसावर एकही फूल उरलं नव्हतं.

भाऊसाहेबांनी मुराररावांना हार घातला आणि आजपासून हेच प्रशिक्षक, असं जाहीर केलं. मग शिरपा सरांच्या पाया पडायला वाकला. त्याचं एक शिंग गळून पडलं. दचकून त्याने मान झटकली, तर दुसरंही पडलं.

सरांनी स्मृतिचिन्हाचा चेंडू त्याच्यापुढे धरला. "टाक," ते म्हणाले.

शिरपा मागच्या पायांवर उभा राहिला. चेंडू डोक्यावर गेला. फट् झालं नाही. चेंडू मांडवावरून उंच गेला आणि अलगद टोपलीतून खाली आला.

मग गोदाक्का किंचाळल्या, "याला म्हणतात प्रशिक्षक! मुरारसरांच्या गळ्यात हार पडला नाही तोच फरक दिसला!"

सगळ्यांनी मुराररावांना खांद्यावर उचललं. "शिंगांच्या बाबतीत मी काही वेगळा विचार केला होता," मुरारराव वरून नम्रपणे म्हणाले.

बगळेसर एका बाजूला पंख आपटून टाळ्या वाजवत होते, अगदी खऱ्या. त्यांना जे बघायचं होतं, ते त्यांनी बघितलं होतं. पाठीला वारा लागला तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं, की गर्दीत कोणीतरी त्यांच्या अंगावरची शाल काढून मुरारसरांना पांघरली होती.

तात्पर्य : मुलांनो, जो धीर धरतो त्याच्या कामाला यश येतंच. ते येतं तेव्हा त्याच्या जागेवर दुसरा कोणीतरी बसलेला असतो. म्हणून मोठेपणी धीर वगैरे धरत बसू नका. तो दुसरा कोणीतरी व्हा.